तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी एकमेकींना चिकटत का नाहीत?

"सर, पेशीपटल एवढं पातळ, त्यात मेदाचं. मग शेजारशेजारच्या पेशी चिकटून त्यांचा गोळा का होत नाही?" नाशिकमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. वर्गात दोन वाक्यांत उरकावं लागतं. इथे जरा ऐसपैस सांगतो.

चिकटायची ओढ असतेच. कुठलेही दोन पृष्ठभाग पुरेसे जवळ आले की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे रेणूंमधली क्षीण ओढ, आलंच. पण मेदरेणूंच्या दोन थरांचं, जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं हे पटल स्वस्थ बसत नाही. भोवतीचे रेणू त्याला सारखे धक्के मारतात आणि ते वाकतंही चटकन. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या तांबड्या पेशीची कड लुकलुकताना दिसते ती यामुळेच, हे १९७५ मध्ये ब्रोशार आणि लेनन या शास्त्रज्ञांनी दाखवलं. (त्यात पेशीच्या स्वतःच्या ऊर्जेचाही वाटा असतो, पण तो विषय पुन्हा कधी.)

ही चुळबूळच पटलांना लांब ठेवते. असं पटल भिंतीपाशी किंवा दुसऱ्या पटलापाशी कोंडलं की त्याच्या लाटांना जागा पुरत नाही आणि ते उलट रेटा देतं. १९७८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिख यांनी याचा हिशोब मांडला: अंतर निम्मं केलं की कोंडण्याची ऊर्जा चौपट. पटल ताठर असेल तर लाटा लहान, म्हणून रेटा कमी. ताणून धरलं तर लाटाच दबतात आणि आकर्षणाचं फावतं. वेगळं कुठलं बल शोधायला नको, नुसत्या उष्णतेवर भागतं. मला तरी यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आता समजा, आकर्षण जिंकलं. तरी लगेच चिकटत नाही. निफाडला मेहुण्यांच्या शेततळ्यात ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) प्लास्टिकचा कागद अंथरताना पाहिलाय. खाली हवा अडकली की इथे पाय दिला तर फुगा तिकडे वर येतो, आणि कडेला चुण्या पडतात त्या वेगळ्याच. पेशीपटल त्या कागदाच्या लाखाव्या हिश्श्याइतकं पातळ, पण अडचण तीच: दोन पटलांमधलं पाणी जाणार कुठून? फट निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला पाणी आठपट कमी वाहतं. म्हणून चिकटणं ठिकठिकाणी ठिपक्यांनी सुरू होतं, ठिपके पसरतात आणि मधे पाण्याचे कप्पे कोंडले जातात.

चुण्यांचंही तसंच. पटलाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही; काही टक्क्यांपलीकडे ताणलं तर ते फाटतंच. त्यामुळे कडा आत सरकल्या की जादा भाग चुण्यांमध्येच जाणार. आधी बारीक चुण्या पडतात, कारण त्यांना पाणी थोडंसंच हलवावं लागतं. मग त्या सावकाश एकमेकींत मिसळून मोठ्या होतात. कागदावरची घडी मात्र कायमची राहते. पटल आपल्याच प्रतलात द्रवासारखं वाहतं, त्यामुळे चुणी उलगडली की मागे खूणही उरत नाही.

यावर पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग कातडीतल्या पेशी एकत्र कशा राहतात? त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यातली एक जात कॅडहेरिन. त्यांना कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की पकड सुटते, आणि प्रयोगशाळेत पेशी सुट्या करताना या युक्तीचा उपयोग करतात.