दुसऱ्यासाठी वाचताना

पदवीनंतर लातूरहून पुण्याला आलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींचे दिवस बहुधा दोन ठिकाणी वाटले जातात: पेठेतली कॉट बेसिसवरची खोली आणि हिंजवडीतले ऑफिस. उरलेला वेळ बसमध्ये जातो. वाकडचा पूल आणि भूमकर चौक ओलांडेपर्यंत सकाळचा उत्साह अर्धा झालेला असतो. दर महिन्याला पगार जमा होतो, घरी पैसे पाठवता येतात, आणि त्याबद्दल माझ्या मनात समाधानच आहे. मात्र या शहरात सर्वांत दुर्मीळ गोष्ट पैसा नसून कुणाला तरी अखंडपणे देता येईल असा वेळ आहे, हे मला ऑफिसात कळले नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचू लागल्यावर कळले.

या कामाची ओळख महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेमुळे झाली. तेव्हा मी लेखनिक म्हणून जात असे, म्हणजे परीक्षार्थीने सांगायचे आणि मी उत्तरपत्रिकेत लिहायचे. लेखनिकाने लिहिण्याखेरीज काहीच करायचे नसते. समोरचा विद्यार्थी सन चुकीचा सांगत असेल आणि बरोबर सन आपल्याला ठाऊक असेल, तरी चुकीचाच लिहायचा; आवाजातूनसुद्धा शंका डोकावू द्यायची नाही. प्रश्न हवा तितक्या वेळा वाचून दाखवायचा, पण कोणत्याही शब्दावर मुद्दाम जोर द्यायचा नाही. उत्तर त्याचे असते, म्हणून चूकही त्याचीच राहिली पाहिजे. हा त्याचा मान आहे असे मी मानते.

पदवीधर झाल्यावर हे काम माझ्यासाठी बरेचसे थांबले. 2025 मध्ये नव्या सूचना येईपर्यंत, केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी लागे. गैरप्रकार टाळण्यासाठी हा नियम होता आणि त्यामागचा हेतू मला पटतो. परंतु त्याचा परिणाम असा, की पदवीधर उमेदवाराला आपला लेखनिक शिकत असलेल्या मुलांमधूनच शोधावा लागे, आणि त्या मुलांचीही परीक्षा किंवा प्रात्यक्षिके नेमकी त्याच दिवसांत असत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती तेव्हा लेखनिकाने सांगितलेला पर्याय अचूक रंगवला की काम भागत असे. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली आहे. आता तासन्‌तास शुद्ध आणि वेगाने लिहिणारा हात हवा. ताशी किमान 20 मिनिटांचा जादा वेळ मिळतो, पण सांगणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची लय जुळली नसेल तर तोही अपुरा पडतो, आणि ती लय परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटून जुळत नाही.

म्हणून मी आता वाचते. ज्या मुलीसाठी मुख्यतः वाचते ती नांदेड जिल्ह्यातून आलेली आहे आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, मराठी वाचतो, आणि तो ज्या वेगाने लावून ती ऐकते त्या वेगात मला एक वाक्यही नीट कळत नाही. मग माणसाची गरज का पडावी? कारण मराठीतील असंख्य नोट्स आणि पुस्तकांच्या पीडीएफ युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना तिथे स्वच्छ देवनागरी दिसते. यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे ऐकवावी लागतात. स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर ओळखणारी साधने आता बरीच सुधारली आहेत, तरी जोडाक्षरे आणि तक्ते आले की ती अजूनही अडखळतात.

ध्वनिमुद्रण मी सकाळी पंखा बंद करून, रस्त्यावरची वर्दळ सुरू होण्याआधी करते. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पृष्ठक्रमांक सांगते, म्हणजे तिला हवे ते पान पुन्हा शोधता येते. तक्ता असेल तर प्रत्येक ओळीत स्तंभाचे शीर्षक पुन्हा उच्चारते. आवाजात नाट्य आणायचे नाही, ही तिचीच सूचना. दुप्पट वेगाने ऐकताना चढउतार अडथळा ठरतात.

नकाशे मात्र समोरासमोर बसूनच समजावता येतात. एका रविवारी नदीखोऱ्यांचा भाग चालला होता. तिचा तळहात समोर ठेवून मी बोटाने गोदावरी काढली: त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, तिचे स्वतःचे नांदेड आणि पुढे तेलंगण. तिच्या खाली भीमा काढली, भीमाशंकरपासून आग्नेयेकडे, पंढरपूरवरून पुढे कर्नाटकात कृष्णेपर्यंत. दोन्ही रेषांच्या मधल्या जागेवर तिने स्वतःचे बोट टेकवले आणि विचारले, "ताई, इथे उंच काहीतरी असणार ना? नाहीतर या दोघी एकमेकींना भेटल्या असत्या." तिथे हरिश्चंद्र-बालाघाटची रांग आहे. मी बालाघाटच्याच पठारावर वाढले, शाळेत ती रांग पाठ केली, परीक्षेत लिहिली. पण ती तिथे असलीच पाहिजे, असा तर्क मी कधी केला नव्हता. त्या दिवसापासून नकाशा वाचताना मी उत्तर आधी सांगत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के आरक्षण दिले, आणि त्यातील 1 टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. ही तरतूद मोलाची आहे, परंतु त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी इतरांनी वाचलेलीच पुस्तके वाचावी लागतात, आणि ती वेळेवर हाती यावी लागतात. वाचायला किंवा लिहायला कुणाला तरी पाठवा अशी विनंती करणाऱ्यांना शहरातून होकार पुष्कळ मिळतात. अडते ते मंगळवारी सकाळी दहाला, ऑफिसच्या वेळेत. ज्या कंपन्या वर्षातून एखाद्या दिवशी कर्मचाऱ्यांना समाजकार्यासाठी नेऊन छायाचित्रे काढतात, त्यांनी त्याऐवजी एखाद्याला दर आठवड्याला दोन तास मोकळे ठेवू दिले तर एका विद्यार्थ्याचा एक विषय पूर्ण होऊ शकतो.

प्रकाशकांकडे माझे मागणे याहून सोपे आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत तयार करण्याची मुभा आहे. दृष्टिहीनांना अशा प्रती मिळाव्यात यासाठीच्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत 2014 मध्ये पहिला देश ठरला. तेव्हा स्पर्धा परीक्षांची मराठी पुस्तके छापणाऱ्यांनी छापील आवृत्तीबरोबरच युनिकोडमधील मजकुराची फाइल नोंदणीकृत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना द्यावी. नव्या पुस्तकांच्या बाबतीत ती फाइल बहुतेकांच्या संगणकात आजही तयार असते.