शंभर पेशी मोजताना

सोयाबीन काढणीच्या दिवसांत उदगीरच्या माझ्या छोट्या लॅबमध्ये तापाचीच गर्दी असते. त्या दुपारी एक मावशी पंचविशीतल्या मुलाला धरून आल्या. घसा इतका दुखत होता की त्याला थुंकीही गिळवत नव्हती. चिठ्ठीवर सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मलेरिया, आणि टायफॉइडसाठीची विडाल.

मशीनवर पांढऱ्या पेशी आल्या ११००. निदान ४००० तरी हव्यात. डेंगीतही त्या घटतात, म्हणून आधी तेच मनात आलं. तरी स्लाईड रंगवून मायक्रोस्कोपखाली घेतली. शंभर पांढऱ्या पेशी मोजायला एरवी पाच-सात मिनिटं पुरतात. त्या दिवशी फील्डमागून फील्ड सरकवत होतो. तांबड्या पेशींचा नुसता सडा, पांढरी दिसलीच तर लिम्फोसाइट या जातीची. जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल शंभरात फक्त ८. ११०० चे ८ टक्के, म्हणजे ८८. ही संख्या १५०० च्या वर लागते. ५०० च्या खाली साधा घसासुद्धा जिवावर बेततो.

बाहेर येऊन विचारलं, "मावशी, ह्याला कसली गोळी चालू आहे?"

"कसलीच नाही."

आत नेऊन पुन्हा विचारलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, पिशवीतून अर्धी रिकामी स्ट्रिप काढून माझ्या हातात दिली. क्लोझापीन.

"डोक्याची हाय, दादा. गावात कळलं तर पोरगी कोण देईल? म्हणून डॉक्टरलाबी नाही सांगितलं."

स्किझोफ्रेनियात बाकीची औषधं हरतात, तेव्हा ही गोळी देतात. शंभरात एखाद्यालाही क्वचितच, पण ती या पेशीच संपवते, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ८ रुग्ण असेच दगावले होते. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. ह्याचा अकरावा आठवडा होता, आणि काढणीच्या धांदलीत तीन तपासण्या हुकल्या होत्या. फाइल लातूरची, तिथल्या मानसोपचार डॉक्टरांना मी लॅबमधूनच फोन लावला. ते म्हणाले, "रात्रीची गोळी द्यायची नाही. रिपोर्ट हातात द्या आणि आत्ता निघू द्या."

लातूरला त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, शिरेतून अँटिबायोटिक दिलं, पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली. दहाव्या दिवशी न्यूट्रोफिल २३०० झाल्याचं कळलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

तेव्हापासून तापाच्या प्रत्येक पेशंटला मी आत नेऊन हळू आवाजात विचारतो, झोपेची, डोक्याची काही गोळी आहे का. चारचौघांत कुणीच खरं सांगत नाही.

महिन्याभरानं मावशी आल्या. पोरगा बरा होता, गोळी बदलली होती.

"ती पहिली परत कधीच नाही का, दादा?"

"नाही, मावशी. ती त्याला आता चालायची नाही."

त्या बाकावर टेकल्या. "तीन वर्षांनी त्या गोळीवरच माझ्या शेजारी बसून भाकर खाल्ली होती त्यानं."