रीठीची पांधण

पांधण, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, सातबाऱ्यावर सहसा दिसत नाही. ती असते गाव नकाशावर, आणि भांडण लागेपर्यंत गाव नकाशा उघडायची गरज कुणालाच वाटत नाही. मी नागपूर जिल्ह्यात भूकरमापक आहे. कुही तालुक्यातल्या एका लहान गावची ही मोजणी. प्रकरण अजून तहसिलीत चालू आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

तक्रार एका विधवा बाईंची. त्यांचं वावर शिवाराच्या टोकाला. सोयाबीन कापलं की थ्रेशर तिथवर पोचत नाही, गंजी भिजली तर भिजली. नकाशात त्यांच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पांधण आहे, जमिनीवर मात्र तूर उभी. दोन्हीकडच्यांनी दर हंगामात नांगराचा एकेक तास पुढे घेतला, आणि एका पिढीत रस्ता वखराखाली गेला. हे गावोगावी झालंय. याला अतिक्रमण म्हणतात हे करणाऱ्यालाही आठवत नाही, कारण ते त्याच्या बापाने केलेलं असतं.

नोटिसा, लगतधारकांच्या सह्या, पंच हे सगळं नेहमीसारखंच. नकाशाबद्दल मात्र सांगायला हवं. ब्रिटिशकालीन मध्य प्रांतातले आमचे गाव नकाशे मैलाला 16 इंच या प्रमाणात काढलेले आहेत. नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर गंटरच्या 66 फुटी पाच साखळ्या, 330 फूट. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच जमिनीवर दोन मीटर जागा व्यापते. त्यात मूळ नकाशा कापडावरचा, वर्षानुवर्षे घड्या पडून आखडलेला. आता आमच्या हातात रोव्हर असतो. उपग्रहांवरून तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो, आणि लोकांना वाटतं मशीन आली म्हणजे वाद मिटला. रोव्हर फक्त मी कुठे उभी आहे ते सांगतो. हद्द कुठे होती ते जुने दगड आणि जुना नकाशाच सांगतात. ते दगड शोधायचे कष्ट टाळून स्क्रीनवर रेषा सरकवून नकाशा 'बसवणारे' मोजणीदार मी पाहिले आहेत. त्यांच्या मोजण्यांवर अपिलं होतात आणि बदनाम सगळं खातं होतं.

तीन गावांच्या शिवेवरचा दगड बेशरमीच्या झुडपात सापडला. दुसरा नाल्याच्या काठाला, तिसरा एका हिवराच्या बुंध्यात गिळलेला. तिन्ही एकमेकांशी जुळल्यावर मी पांधणीची रेषा जमिनीवर उतरवायला घेतली. नकाशावर ती दोन भरीव रेषांनी दाखवलेली, म्हणजे तिचं क्षेत्र कुणाच्याही खात्यात धरलेलं नाही. रुंदी निघाली अर्धी साखळी, 33 फूट.

रेषा जशी पुढे गेली तशी तिची आखणी मला कळत गेली. जुन्या बंदोबस्तात, म्हणजे सारा ठरवण्याच्या मोजणीत, नागपूरकडच्या जमिनीची प्रतवारी भारी मातीपासून खडकाळ मातीपर्यंत काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी केलेली आहे, आणि शेतकरी आजही तेच शब्द वापरतात. हे गाव वसलंय बरडीवर, जिथे पिकत नाही आणि पाणी थांबत नाही. काळी सगळी खाली नाल्याकडे. पांधण बरोबर खरडी आणि मोरंडीच्या सांध्यावरून काढलेली. पावसाळ्यात काळीत बैलबंडी आसापर्यंत फसते, खरडीवर चाक चालतं. मजुराला वीतभर खणायला सांगितलं, तर नांगरटीच्या मातीखाली घट्ट दाबलेला मुरूम लागला. दोन फूट बाजूला तो नव्हता. नकाशा, माती आणि कुदळ तिन्ही एकच सांगत होती. असा पुरावा मला फार वेळा मिळालेला नाही, आणि त्या घटकेला मला माझ्या कामाचा मनापासून अभिमान वाटला.

तिथेच तूरवाला तरुण आडवा आला. उद्धट नव्हता, हात जोडून बोलत होता.

"मॅडम, हे पांधन जाते कुठं, तेवढं सांगा. रीठीत. अन् रीठीत कोन राह्यते? कोनीच नाई. मंग मी कायले सोडू?"

आमच्याकडे उजाड गावाला रीठी म्हणतात. वस्ती गेली तरी मौजा कागदावर राहतो, त्याचे खसरे, म्हणजे शेतांचे नंबर, राहतात, पटवारी हलका राहतो. विदर्भात अशा रीठ्या पुष्कळ आहेत. ही जुन्या कागदांत 'बेचिराग', म्हणजे दिवा न लागणारी, म्हणून नोंदलेली. गावात कुणी पटकी सांगतं, कुणी दुष्काळ. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची काय दशा केली, ते त्या काळाच्या सरकारी अहवालांतही लपलेलं नाही.

मी उत्तर द्यायच्या आधी धुऱ्यावर बसलेली एक म्हातारी बोलली. "आमी आखाडीले जातो ना बापा. माता माय तठीसाच हाय. माह्या सासूनं निवद नेला, म्या नेला, आता सून नेते. तुह्या तुरीतूनच जातो, अन् तू गुमान पाह्यतं."

तो खाली बघत राहिला.

आम्ही रीठीपर्यंत गेलो. वस्तीची जागा मातीवरूनच ओळखू येते. आजूबाजूला काळपट आणि मध्येच राखेसारखा फिका पट्टा, खापरांचे तुकडे, दोन म्हाताऱ्या चिंचा, शेंदूर लावलेली माता माय. पलीकडे मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालकाच्या, काळातली बोडी (लहान तळं), पाळ अजून शाबूत. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि पुढच्या दशकातल्या बंदोबस्तात पाटील-मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. पण गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून घेतले गेले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, हक्क राहिले. 1966 च्या महसूल संहितेतही निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराचा कागद) आणि वाजिब-उल-अर्ज आहेत. या गावच्या वाजिब-उल-अर्जची नक्कल मी अभिलेख कक्षातून काढली होती. रीठीच्या बोडीवर ढोरं पाण्याला नेण्याचा हक्क त्यात स्पष्ट आहे. म्हणजे पांधण रिकाम्या जागी जात नव्हती, पाण्याला जात होती.

याच तालुक्यात मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. प्रभावतीगुप्ता राणीच्या पुण्याला मिळालेल्या ताम्रपटात, जो रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून दिलेला आहे, दान दिलेल्या गावाची हद्द शेजारची गावं सांगून दिली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीही हद्द शेजाऱ्यांनीच सांगायची होती. मोजणीत लगतधारकाचा जबाब आम्ही घेतो तो काही उगाच नाही.

इथवर सगळं सरळ होतं. परत येताना रोव्हर घेऊन मी तुरीच्या वरच्या अंगाला गेले आणि पांधणीची रेषा त्या तरुणाच्या विहिरीवरून गेली. कडेने नाही, मधोमध.

विहीर अनुदानातली आहे. तिच्यावर त्याची मिरची आणि गहू होतो, त्याच्या दोन बहिणींची लग्नं तिच्याच पाण्यावर झाली असं त्याने सांगितलं. आखाडीला जाणाऱ्या बाया तिथेच पाणी पितात, हे म्हातारीनेही मान्य केलं. विहिरीला मंजुरी देताना सातबारा जोडला होता, जागेचा फोटो जोडला होता, आणि गाव नकाशा कुणीही पाहिलेला नाही. त्यासाठी एका माणसाने एक कागद उघडायचा होता. मला याचा अजून राग आहे. चूक दप्तरात झाली आणि ती भरायला उभा आहे दोन एकरांचा शेतकरी.

मी मोजणी होती तशीच केली. विहीर पांधणीत दाखवली, तूर पांधणीत दाखवली, खुणा दोन्ही बाजूंना रोवल्या. अर्जदार बाईंनी खुणेच्या दगडाला हात लावून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, यंदाचं सोयाबीन निघन का याच्यातून?" मी तारीख सांगू शकले नाही. निकाल माझ्या हातात नाही.

पण मोजणी नकाशासोबत मी एक स्वतंत्र टिपण जोडलं. विहिरीच्या वरच्या अंगाला खरडीची पट्टी आहे, ती त्याच तरुणाच्या खात्यात येते. तेवढ्यापुरती पांधण वळवली तर बंडी-ट्रॅक्टरला कठीण जमीन मिळते, विहीर वाचते, बोडी आणि बाईंचं वावर दोन्ही जोडली जातात. लांबी जराशीच वाढते. तरुणाला पट्टी द्यावी लागेल, आणि तो तयार आहे असं त्याने पंचांसमोर लिहून दिलं. वरिष्ठ म्हणाले, मोजणीदाराने उपाय सुचवायचा नसतो, टिपण काढून टाका. मी काढलं नाही. त्या जमिनीत मुरूम कुठे आहे आणि चाक कुठे फसतं हे मी खणून पाहिलेलं आहे, आणि निकाल देणाऱ्याच्या टेबलावर ते जायला हवं.

तहसीलदारांनी पुढच्या तारखेला दोन्ही पक्षांना बोलावलं आहे. मलाही बोलावलंय, वाजिब-उल-अर्जची नक्कल घेऊन.