सदतीस की अडतीस

परवा दुपारी एस्कलबेकच्या ब्लाँड, म्हणजे फिक्या सोनेरी, बिअरला गुण देताना मी एका गुणापाशी अडून बसलो. वास, रूप, चव, तोंडातली जाणीव आणि एकंदर मत असे पाचही रकाने भरून झाले, बेरीज ३७ आली आणि पेन्सिल तिथेच थांबली. ज्या अमेरिकी परीक्षकांच्या पद्धतीने मी गुण देतो, तिच्यात ५० पैकी ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली’ आणि ३८ ते ४४ म्हणजे ‘उत्कृष्ट’. एका गुणाने वर्ग बदलत होता, आणि ज्याचे बालपण महाराष्ट्रात बोर्डाच्या निकालांच्या धाकात गेले आहे, त्याला एका गुणाने वर्ग हुकणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

एस्कलबेक हे फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, डंकर्कच्या अलीकडे, फ्लांडर्सच्या सपाट मुलखातले विटांच्या घरांचे गाव आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळेही त्याचे नाव झाले आहे. दानिएल तिरिएझ यांनी १९९६ साली तिथल्या एका जुन्या शेतवाड्यात ब्रुअरी सुरू केली, आणि माझ्या पुढ्यातली ६.५ टक्के अल्कोहोलची ब्लाँड ही तिथलीच. लीलमध्ये राहायला आल्यापासून मी या भागातल्या शेतावरच्या बिअर चाखत आलो आहे, आणि त्यांना गुण देण्याची सवयही मला इथेच लागली. घरातली मंडळी या सवयीकडे, ज्या सहनशीलतेने एखाद्याचे तिकिटे जमवणे पाहतात, त्याच सहनशीलतेने पाहतात.

या बिअरला घाई मानवत नाही. रेफ्रिजरेटर नव्हते त्या काळात उन्हाळ्यात बिअर घातली की हवेतले जंतू आणि रानटी यीस्ट तिच्यात शिरून ती आंबवून टाकत. म्हणून शेतकरी हिवाळ्यात, शेतात फारसे काम नसताना, ती घालून ठेवत. चोथा गोठ्यातल्या गुरांना जाई, आणि पिंपे गार तळघरात उन्हाळ्याच्या कामांची वाट पाहत पडून राहत. राखून ठेवायची बिअर म्हणून तिला इथे ‘बिएर द गार्द’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ताब्यात घेतलेल्या मुलखातल्या ब्रुअऱ्यांची तांब्याची भांडी उचलून नेली आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा उभे राहणे जमले नाही. पुढे व्हालाँसिएनजवळच्या झाँलँ गावातल्या, १९२२ साली सुरू झालेल्या एका ब्रुअरीने शँपेनच्या बाटल्यांत बूच लावून आपली बिअर भरली, सत्तरच्या दशकात लीलच्या विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली, आणि मरायला टेकलेला हा प्रकार वाचला. विद्यार्थ्यांनी वाचवलेल्या गोष्टींची एखादी यादी कोणी केली, तर हिचे नाव वरच्या चारात यावे, असे माझे मत आहे.

आता माझ्या कागदाकडे येतो. १२ गुण वासाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातल्या जाणिवेला आणि १० एकंदर मताला, अशी ही वाटणी आहे. रूपाला तीनच गुण ठेवणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कारण फेस पांढराशुभ्र आणि दाट आहे, ग्लासाच्या कडेला जाळी सोडतो आहे, रंग पिकल्या गव्हाचा आहे, एवढे लिहिले की विषय संपतो. पण वासाला बारा! बिअर न पिता नुसती हुंगून एकूण गुणांच्या जवळजवळ चौथाई गुण द्यायचे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा अनेकांना हसू येते. मला आले नाही, कारण मी वाईच्या घरात वाढलो.

आमच्याकडे नैवेद्याच्या दिवशी स्वयंपाक चाखत नसत. देवाच्या आधी जिभेला काही लागता कामा नये, हा आजीचा नियम होता, आणि पंचवीस-तीस पानांचा स्वयंपाक ती त्या नियमाने करत असे. कटाच्या आमटीला उकळी आली की ती पळी वर उचले, पदराने धूर बाजूला सारे, वाफ नाकाशी घेई आणि क्षणभर डोळे मिटून म्हणे, ‘‘मीठ घाल गं अजून, चिमूटभर.’’ काकू घालत असे. माझ्या चुलतभावाला हे थोतांड वाटे. एकदा त्याने स्वयंपाकघरातल्या गडबडीत बोट बुडवून आमटी आधीच चाखली आणि आजीला विचारले, ‘‘आजी, मीठ झालंय की नाही, सांग बघू?’’ आजीने वाफ घेतली, त्याच्या ओल्या बोटाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘मीठ झालंय. आणि तू आता पानं वाढायला यायचं नाहीस.’’ मिठाला वास नसतो हे शास्त्र मला पुढे शाळेत कळले. पण डाळीचा, गोड्या मसाल्याचा आणि चिंचेचा वास कोणत्या क्षणी एकमेकांत मिसळतो हे तिला कळत होते, आणि बहुधा त्यावरूनच तिचा अंदाज बांधला जात असावा. तिला बारापैकी किती गुण द्यायचे हे ठरवण्याची माझी पात्रता नाही.

तर वास. ग्लास अर्धाच भरायचा, हळूच फिरवायचा आणि फेस बसायच्या आत नाक घालायचे. एस्कलबेकच्या बिअरला आधी ताज्या पावाच्या कडेचा वास येतो, मग वाळल्या गवताचा, त्यामागून मिरपुडीचा, आणि ग्लास जरा कोमट झाला की लिंबाच्या सालीचा. इथे माझा एक हट्ट सांगून ठेवतो. ज्या फळाचा वास मी लीलमधल्या वाझेमच्या रविवारच्या बाजारात उभ्याउभ्या घेतलेला नाही, ते फळ मी बिअरमध्ये शोधत नाही. लोक पॅशनफ्रूट लिहितात, लिची लिहितात, एकाने तर ‘दमट तळघर, पण चांगल्या अर्थाने’ असे लिहिलेले मी वाचले आहे. या बिअरला मी वासाचे ९ दिले आणि लिंबापुढे गेलो नाही.

चवीत ती कोरडी आहे. पहिल्या घोटाला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा जिभेच्या टोकाला लागतो न लागतो तोच हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा येऊन तोंड स्वच्छ करून जातो, आणि मागे किंचित तिखट असे काही उरते. या प्रांतातल्या बऱ्याच ब्लाँड बिअर गोडसर आणि गुळगुळीत असतात. ही त्यांच्यात जरा फटकळ आहे. चवीला १५, तोंडातल्या जाणिवेला ४, रूपाला २. तीन का नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे कारण बाटलीच्या तळाशी आहे.

या बिअरचे अखेरचे आंबणे बाटलीतच होते, त्यामुळे यीस्टचा साका तळाशी बसतो. बाटली न हलवता एका ओतीत वरची निवळ ग्लासात घ्यायची आणि शेवटचे बोटभर सोडून द्यायचे, हा एक पंथ. ते बोटभर गोल फिरवून साक्यासकट ग्लासात रिते करायचे, हा दुसरा. दोन्ही पंथांचे लोक मला भेटले आहेत आणि दोघेही दुसऱ्याला अडाणी समजतात. मी पहिला ग्लास निवळ घेतो आणि त्यालाच गुण देतो, दुसरा साक्यासकट घेतो आणि त्याला देत नाही. साका पडला की रंग गढूळ होतो, पण पावाचा वास दुप्पट होतो. रूपाचा जो गुण मी कापला तो निवळीतही राहिलेल्या धूसरपणासाठी, आणि कापताना मला माझाच राग आला, कारण हा धूसरपणा म्हणजे यीस्ट जिवंत असल्याची खूण आहे. लुई पाश्चर १८५४ साली लीलच्या विज्ञान शाखेचे प्रमुख म्हणून आले, आणि दोन वर्षांनी इथल्याच एका कारखानदाराचे बिटापासूनचे अल्कोहोल बिघडू लागले तेव्हा त्यांनी त्याचे पिंपातले द्रव सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आंबवण्याचे काम हे जिवंत कण करतात, हा विचार तिथून पुढे वाढत गेला आणि १८७६ साली त्यांचे बिअरवरचे स्वतंत्र पुस्तक निघाले. ज्या शहरात ही गोष्ट घडली त्या शहरात बसून मी यीस्टबद्दल एक गुण कापला होता.

राहिले एकंदर मत. दहा गुणांचा हा रकाना खरे तर सगळ्यात लबाड आहे. बाकीच्या रकान्यांत केलेला अन्याय इथे गुपचूप भरून काढता येतो, आणि परीक्षक तसे करतातही, असा मला दाट संशय आहे. मी ७ दिले. आठ दिले असते तर काम झाले असते. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाजणीच्या थालीपीठाचा वास आला, कागद बाजूला पडला आणि दुसरा ग्लास मी साक्यासकट, थालीपीठ आणि लोण्याबरोबर घेतला. तेव्हा ध्यानात आले की ही बिअर मुळात शेतात राबलेल्या माणसाने जेवताना प्यायची. धण्याजिऱ्याच्या खमंगपणाला तिची मिरपूड जाऊन मिळाली, लोण्याचा तुपकटपणा तिने धुऊन टाकला, आणि प्रत्येक घासानंतर पुढच्या घोटाची गरज वाटू लागली. महिनोन्‌महिने तळघरात थांबणाऱ्या घराण्यातल्या पेयाला मी कोरड्या तोंडाने, पंधरा मिनिटांत, पेन्सिल हातात धरून निकाल सुनावत होतो. जेवणाबरोबर तिला ४० द्यायला मी मागेपुढे पाहिले नसते. पण कागदावर थालीपीठाचा रकाना नाही, आणि पद्धत एकदा मानली की ती सोयीप्रमाणे वाकवायची नाही, एवढी शिस्त मला आहे.

संध्याकाळी पुण्याहून आलेल्या मित्राला मी ही सगळी अडचण सविस्तर सांगितली. त्याने शेवटची बाटली फ्रीजरमधून काढली, ग्लास नको म्हणाला, तोंडाला लावली, फोनवर पाचपैकी चार तारे टेकवले आणि मला म्हणाला, ‘‘चार दे आणि मोकळा हो रे.’’ पाचपैकी चार म्हणजे माझ्या हिशेबाने पन्नासपैकी चाळीस. एवढ्या गार बिअरचा वास येतच नाही, हे मी त्याला सांगणार होतो; पण बाटली तोवर संपली होती. माझ्या वहीत ३७ आहेत.