पाऊस पाडणारा ‘इट’ कोण?

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी हात वर करतंच. ‘सर, इट इज रेनिंग. पण इट म्हणजे कोण? ढग की देव?’ मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. कुणी दुकानदार, कुणी नर्स, कुणी परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून आलेल्या आजी. प्रश्न मात्र तोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: कुणी नाही.

इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायला आवडत नाही, म्हणून तिथे इटला बसवतात. इटालियन माणूस नुसतं ‘प्योव्हे’ म्हणून मोकळा होतो, कारण क्रियापदाच्या प्रत्ययातून पुरेसं कळतं. आपणही ‘आलो’, ‘आलास’, ‘आली’ म्हटलं की कोण ते वेगळं सांगत बसत नाही. इंग्रजीतले असले प्रत्यय झिजून गेले, नुसत्या ‘केम’वरून काय कळणार? म्हणून मग घड्याळात पाच वाजले तरी इट, उकडलं तरी इट, स्टेशन लांब असलं तरी इट. आमचे विद्यार्थी ‘रेन इज कमिंग’ म्हणतात. समोरच्याला कळतं, त्यामुळे मी फार टोकत नाही. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत होतो.

एके काळी इंग्रजीलाही इटवाचून चालायचं. जुन्या नाटकांत ‘मीथिंक्स’ भेटतं, ते म्हणजे शब्दशः ‘मला वाटतं’. त्यातला ‘मी’ कर्ता नाही, आपला ‘मला’च आहे.

मराठीत इट नाही, असं मी वर्गात ठासून सांगायचो. एकदा त्या आजींनीच अडवलं. ‘मग उजाडलं म्हणतो तेव्हा कोण उजाडतं हो?’ मी गप्प. शाळेत ‘भावकर्तृक क्रियापद’ पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं आणि विसरलो होतो. उजाडलं, सांजावलं, फटफटलं, मळमळलं. यांना कर्ता नाही, पण लिंग आहे, आणि ते नेमकं नपुंसक. सकाळ झाली म्हणतो, पण उजाडली म्हणत नाही. म्हणजे आपला इट त्या ‘लं’वरच्या अनुस्वारात दडून बसलाय. इंग्रजांनी त्याला बाहेर काढून खुर्ची दिली, एवढंच.

दुसरी अडचण लिंगाची. आपला पंखा ‘तो’, खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’. तिघांनाही एकच इट म्हणायचं हे लवकर पचत नाही. ‘फॅन इज ओल्ड, ही मेक्स नॉइज’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मलाच तो पंखा कुरकुरणारा म्हातारा वाटतो. आणि हसायचं कारण नाही. ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ इंग्रजीत बरंच उशिरा आलं. 1611 मध्ये पहिल्यांदा छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये मिठाने चव घालवली तर काय, असं वाक्य आहे, त्यात चवीआधी ‘हिज’ आहे. (‘इट इज’चं आखूड रूप आणि हे ‘इट्स’ यांतला वरच्या स्वल्पविरामाचा घोळ इंग्रजांच्याही पाट्यांवर दिसतो. तो सोडा.)

दारावरची बेल वाजली की ‘हू इज इट?’ विचारतात, तेव्हा वर्गात हमखास कुजबुज होते. माणसाला इट? पण बाहेर बाई आहे की बुवा हे कळायचंय अजून. आपण ‘कोण आहे?’ म्हणून अलगद सुटतो. फोनवरचं ‘इट्स मी’ही तसंच, आपलं सरळ ‘मी बोलतोय’. आणि पोटातल्या बाळाला इट म्हणतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आपलं ‘ते मूल’ आठवावं. मालवणीत तर चेडू, म्हणजे मुलगीसुद्धा, नपुंसकलिंगी असते.

त्या आजी पुढे दोन महिने नातवाकडे न्यू जर्सीला जाऊन आल्या. परत आल्यावर पहिल्याच दिवशी घुश्शात माझ्याकडे आल्या. ‘अंगणात खेळताना पाठीत धपका घातला आणि म्हणतो कसा, यू आर इट! आजीला इट म्हणतात?’

म्हटलं, आजी, तो शिवाशिवी खेळत होता. तुमच्यावर राज्य आलं होतं.