कंट्रोल मात्रा

बाबांच्या कीबोर्डवर मी देवनागरी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि त्याच संध्याकाळी पस्तावलो. "कंट्रोल सी दाबा," म्हटलं, तर म्हणाले, "सी कुठाय? इथं म आहे." खरंच की. इंग्रजी अक्षरं स्टिकरखाली गडप झाली होती.

मग आम्ही शॉर्टकटांचं बारसं केलं. कॉपी म्हणजे कंट्रोल म, पेस्ट म्हणजे कंट्रोल न. कापायचं तर कंट्रोल अनुस्वार, शोधायचं तर कंट्रोल पहिली वेलांटी. सेव्ह करायला कंट्रोल मात्रा, कारण एसच्या बटणावर मात्रा बसते. ही बाबांना फार आवडली. दर दोन ओळींनी "एक मात्रा देऊन ठेवतो" म्हणतात, अगदी वैद्यबुवांच्या थाटात.

स्टिकरांवरच्या या देवनागरी कीबोर्डची, म्हणजे इनस्क्रिप्टची, मांडणी तशी शहाणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क वर शिफ्ट दाबला की ख, ग वर घ. डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो. पण एवढं मोठं कुटुंब त्याच बटणांवर राहायला आल्यावर कुणाला तरी घर सोडावं लागणारच. सोडलं ते चिन्हांनी. चौकोनी कंसाच्या जागी ड आला, स्लॅशच्या जागी य, ईमेलमधल्या ॲटच्या जागी ॅ. म्हणजे ईमेलचा पत्ता लिहायचा तर इंग्रजीत जाऊन या.

हे दुखणं आपलंच आहे असं नाही. भाचा जर्मनीत असतो. त्याच्या कीबोर्डवर स्लॅश शिफ्ट धरून ७ दाबल्यावर उमटतो आणि चौकोनी कंसाला उजवा ऑल्ट धरून ८. पुस्तकात कंट्रोल स्लॅश लिहिलेलं असतं, ते ज्यानं लिहिलं त्याच्यापुढे अमेरिकन कीबोर्ड असणार. शिवाय तिथं वाय आणि झेड यांची अदलाबदल. सुटीत इकडं आला की माझ्या लॅपटॉपवर चूक मागे घ्यायला जातो आणि भलतंच होतं.

बाबांची हयात नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये गेली. प्रेस १९२८ पासूनची. रुपयाचं चिन्ह आलं २०१० मध्ये, बाबा निवृत्त झाल्यावर. आयुष्यभर नोटा डोळ्यांखालून घातलेला माणूस परवा विचारतो, "रुपया कुठं असतो रे?" विंडोजमध्ये इंग्रजी इंडियाचा कीबोर्ड लावून उजवा ऑल्ट आणि ४ दाबून दाखवला. "एवढ्या आडोशाला?" म्हणाले.

सध्या ते त्र्यंबकच्या भटकंतीच्या आठवणी लिहितायत. पहिल्या पानावर 'ब्रह्मगिरीच्या दर्यांत उतरलो' असं होतं. त्र्यंबकला समुद्र! आधी शिफ्ट धरून र, मग पाय मोडायचा, मग य, तेव्हा कुठं दर्यातून दऱ्यांत पोचलो. आता तो ऱ त्यांना इतका जमलाय की सुऱ्या, न्याऱ्या, तऱ्हा उगाच टाइप करत बसतात.

प्रश्नचिन्ह मात्र सापडत नाही. स्लॅशच्याच बटणावर होतं ते, य बरोबर तेही गेलं. भाषा बदलून टाकायला सांगितलं, पण एका खुणेसाठी इंग्रजीत जायला बाबा तयार नाहीत. पूर्णविराम हाताशी आहे, तोच देतात. काल ऑफिसात मीटिंग चालू असताना त्यांचा मेसेज आला, 'घरी कधी येतोस.' मी निमूटपणे बॅग उचलली.