दुसरीच्या फर्म्यावर कापलेला ब्लाउज

मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, अर्ध्या इंचाने चुकला की ब्लाउज गेलाच. हात वर केला की काखेत काचतं, आणि एकदा कापलेल्या कापडात भर घालता येत नाही. चोवीस वर्षं शिवतेय मी. तरी गेल्या नोव्हेंबरात, ऐन लगीनसराईत, शेजारच्या काकूंचा ब्लाउज बिघडवला.

कापड माहेश्वरी, साडीलाच जोडून आलेलं. काकूंना मी नेहमी कटोरी ब्लाउज शिवते. त्यांचं माप माझ्या वहीत २००९ पासून आहे, दर दोन-तीन वर्षांनी खाडाखोड करून नवं लिहिलेलं. त्या दिवशी मात्र वही उघडलीच नाही. धाकट्या जावेकडून प्रिन्सेस कटचा फर्मा, म्हणजे कापायचा तयार नमुना, मागून आणला होता, तोच कापडावर ठेवला आणि खडू फिरवला.

जावेचं इथेच इंदुरात, विजयनगरला बुटीक आहे. काचेचं दार, चार कारागीर. मी सुदामानगरला घरीच शिवते, गॅलरीतल्या उषा मशीनवर. नाताळच्या फराळाला सगळे जमले की तिला विचारतात, “यंदा किती ऑर्डरी?” आणि मला विचारतात, “गुडघे कसे आहेत?” वाईट कोणीच बोलत नाही. तीसुद्धा नाही, फर्मा तर तिने मागताक्षणी दिला. पण मी मनातल्या मनात तिचं आणि माझं माप घेत बसायचे. ही सवय जाऊ घरात येण्याच्याही आधीची. माझे वडील ख्रिश्चन कॉलेजात शिकले, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ साली काढलेल्या. भाऊही तिथेच शिकला. मी बारावीवर थांबले. घरात तो विषय कधी निघाला नाही, माझ्या डोक्यातून मात्र कधी गेला नाही.

काकूंनी ब्लाउज घालून पाहिला. आरशासमोर हात वर केला, तो खांद्यापर्यंतच गेला. माझा घसा कोरडा पडला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, मला तिचा हात हवा असता तर मी विजयनगरला गेले नसते का? मी तुझ्याकडे आले ना?”

त्या रात्री आजीचं बायबल काढलं. आजी नगरची. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, पण घरी मी मराठीतच वाचते. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडला. येशूचा शिष्य पेत्र याने त्याची ओळख तीनदा नाकारली होती, तरी येशू त्यालाच मेंढरं सांभाळायला सांगतो. पुढे त्याला कसलं मरण येणार तेही सुचवतो. आणि एवढं सगळं ऐकून पेत्र काय करतो? मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, प्रभू, ह्याचं काय? उत्तर मिळतं: त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये. संडे स्कूलपासून मला ती दटावणी वाटत आली होती. त्या रात्री ते शब्द मला काकूंच्या आवाजात ऐकू आले. पेत्रालाच बोलावलं होतं, दुसऱ्यासारख्या झालेल्या पेत्राला नाही.

मग प्रेषित पौल आठवला. तो शिवणाराच, तंबू करायचा. ग्रीसमधल्या करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तो याच धंद्यामुळे, दोघांचाही धंदा तोच होता. आणि त्याच करिंथातली माणसं पुढे त्याला इतरांशी ताडून बघायला लागली: पत्रं वजनदार लिहितो, पण समोर आला की किरकोळ, बोलणं तर काहीच नाही. त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो की जे आपलं माप आपल्यातल्याच माणसांवरून घेतात, आपसांतच तुलना करतात, त्यांना समज नाही. माप हा शब्द मी दिवसातून वीसदा उच्चारते. त्या वचनावर मात्र कधी थांबले नव्हते. एकीच्या अंगावरून घेतलेल्या मापाने दुसरीचा ब्लाउज बेतू नये, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते.

पण तुलना सोडून तरी काय उरतं? जावेपेक्षा कमी नाही म्हटलं, तरी नजर जावेकडेच राहते. मला उत्तर मिळालं ते येशूच्या बोलण्यातल्या चिमण्यांपाशी. मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो, दमडीला दोन चिमण्या. लूक लिहितो, दोन दमड्यांना पाच. मूळ ग्रीकमधलं ते नाणं म्हणजे दिवसभराच्या मजुरीचा, एका दिनाराचा, सोळावा हिस्सा. हिशोब केला तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी फुकट आली, नंदलालपुऱ्याच्या मंडईत भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी. तिची किंमत बाजाराने लावलीच नाही. आणि येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. मी मशीनपाशी बसून रडले. इतकी वर्षं मी स्वतःला ती पाचवीच समजत आले होते, आणि देवाच्या मोजणीत ती पहिल्यापासून होती.

मत्सर त्या रात्रीने संपला असं मी लिहिणार नाही. परवाच रिक्षा तिच्या दुकानावरून गेली आणि नजर पाटीवर गेलीच. हल्ली मी प्रार्थनेत तिच्यासाठी आणि तिच्या कारागिरांसाठीही मागते. सुरुवातीला जीभ जड व्हायची.

ब्लाउजचं म्हणाल तर साडीच्या आतल्या, खोचायच्या टोकाचं वीतभर कापड काढायला काकूंनीच सांगितलं. मी काखेखाली जोड दिला, शिवण आत दडवली. पण त्याआधी वही काढली, टेप घेतला आणि त्यांना उजेडात उभं केलं.

“मुंढा साडेसोळा,” मी म्हटलं.

“मागे सोळा होता ना गं?”

“होता. आता साडेसोळा आहे.” आणि जुना आकडा खोडून तो लिहिला.